झोपते, पण उठत नाही

संगणकाला झोपवणे ही कर्नलची जबाबदारी आहे. त्याला उठवणे हीसुद्धा कर्नलचीच जबाबदारी आहे, आणि दोन्हींपैकी पहिली सहसा नीट पार पडते. कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. कीबोर्ड, पडदा, डिस्क, वायफाय या सगळ्यांशी थेट बोलण्याचा अधिकार त्या एकट्याला. बाकीच्या प्रोग्रामांनी त्याच्यामार्फत अर्ज करायचा. लॅपटॉपचे झाकण मिटले की कर्नलने चालू कामे आहेत तिथे गोठवावीत, यंत्राचा जवळजवळ प्रत्येक भाग बंद करावा, रॅममधला मजकूर टिकेल एवढीच वीज चालू ठेवावी, आणि झाकण उघडताच अर्धवट टाइप केलेल्या ओळीत त्याच अक्षरापुढे कर्सर लुकलुकताना दिसावा, अशी अपेक्षा असते. पहिल्या अर्ध्याला सस्पेंड म्हणतात, दुसऱ्याला रिझ्यूम. कालपर्यंत बिनतक्रार उठणारी मशीन कर्नल अपडेट झाल्यावर उठेनाशी झाली, तर त्या बिघाडाला रिग्रेशन म्हणतात. मशीन जुनी झाल्याने उठत नसेल तर ते म्हातारपण. कर्नल नवा झाल्याने उठत नसेल तर ते रिग्रेशन. मालकाला हा फरक सांगून पटत नाही, कारण अपडेट त्याने मागितलेलेच नसते.

झोपेचे प्रकार ठरलेले आहेत आणि त्यांना सरकारी वाटावेत असे क्रमांक आहेत. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम नावाची पद्धत आणली. तीत झोपेचा बहुतेक कारभार मदरबोर्डवरच्या बायॉसकडे होता आणि कार्यप्रणाली त्याला फक्त विनंती करायची. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय आणले आणि कारभार कार्यप्रणालीकडे आला. बायॉसकडे सल्लागाराची भूमिका उरली. कारभार हातातून गेलेला माणूस सल्लागार म्हणून किती सहकार्य करतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला पुढचा सगळा इतिहास समजेल. एस-झिरो म्हणजे जागे, एस-थ्री म्हणजे रॅम सोडून सगळे बंद, एस-फोर म्हणजे रॅमचा मजकूर डिस्कवर उतरवून घेतलेली झोप, एस-फाइव्ह म्हणजे पूर्ण बंद. एस-वन आणि एस-टू आज बहुतेक कागदावरच उरले आहेत. भेटल्याचे फारसे कोणी सांगत नाही. २०१२ साली विंडोज ८ बरोबर मोबाइलसारखी झोप लॅपटॉपात शिरली. लिनक्स या कार्यप्रणालीत तिच्या जोडीचा प्रकार एस-टू-आयडल. या प्रकारात मशीन झोपत नाही, डोळे मिटून पडते. प्रत्येक भागाने आपापले स्वस्थ बसायचे, सगळे स्वस्थ बसले तरच प्रोसेसर खोल उतरणार. एकाने जरी चुळबुळ केली तरी सकाळी बॅटरी सात टक्के.

गोंदिया जिल्ह्यात लिनक्सचा कर्नल सहसा जुन्या लॅपटॉपच्या वाटेने येतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. ज्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही तिला विंडोज ११ रीतसर आत घेत नाही. अशी मशीन फेकून देण्याची पद्धत आमगाव, देवरी, सडक अर्जुनी या बाजूला नाही. तिच्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला भाचा लिनक्स टाकून देतो, "मामा, आता पाच वर्षं पाहू नका," असे सांगतो आणि पुण्याला निघून जातो. मशीन राइस मिलच्या ऑफिसात धानाच्या पावत्या लिहिते, पोराच्या ऑनलाइन फॉर्मांना उपयोगी पडते, आणि पुढच्या एखाद्या अपडेटनंतर एका दुपारी झाकण मिटते ते मिटते.

मग दुकान. तिथला संवाद ठरलेला असतो.

"भाऊ, झोपते त बराबर, पन उठूनच नाही राह्यली."

"फॉर्मेट मारा लागन."

या निदानाचा शास्त्रीय विचार व्हायला हवा, कारण ते चुकीचे असूनही लागू पडते. फॉर्मेट मारून लिनक्स पुन्हा टाकला की पेनड्राइव्हवरचा जुना कर्नल बसतो. जुन्या कर्नलमध्ये रिग्रेशन नसते. मशीन उठू लागते, पैसे दिले जातात, दुकानदाराचे नाव होते. आठ-पंधरा दिवसांत अपडेट आपोआप उतरते, नवा कर्नल बसतो आणि मशीन पुन्हा उठेनाशी होते. मालकाच्या मते तोवर तिच्यात वेगळाच काहीतरी बिघाड झालेला असतो. दुकानदाराच्याही मते तसेच असते.

लक्षणे जवळून पाहिली तर रोग पुष्कळसा कळतो. झाकण उघडले, पंखा फिरू लागला, पॉवरचा दिवा स्थिर झाला आणि पडदा काळाच राहिला, तर प्रश्न एवढाच की आत कोणी आहे का. त्यासाठी कॅप्स लॉकचे बटण दाबायचे. दिवा लागला-विझला तर कर्नल जिवंत आहे आणि बहुधा फक्त पडद्याचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलचा पडदा सांभाळणारा भाग, उठलेला नाही. दिवा हललाच नाही तर कर्नल वाटेतच कुठेतरी अडकला आहे. पुढचा उपाय पॉवरचे बटण पाच-सहा सेकंद दाबून धरणे हा. हे बटण दाबणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर नरडे दाबत असल्याचा भाव येतो, आणि तो अगदीच चुकीचा नसतो.

उलट्या जातीचाही एक बिघाड आहे: मशीन नको तेव्हा उठते. मुंबईहून संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलेला प्रवासी लॅपटॉप मिटून बॅगेत घालतो. कल्याणच्या पुढे कधीतरी मशीनला जाग येते, बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये पंखा फिरू लागतो, आणि नागपूर मागे टाकून गाडी गोंदियाला पोचेपर्यंत बॅगेतले धुतलेले शर्ट इस्त्री केल्यासारखे गरम निघतात. कर्नल अशा जाग येण्याचा जबाब मागतो. कोणकोणत्या उपकरणाला मशीन उठवण्याची परवानगी आहे याची यादी असते: झाकण, पॉवर बटण, यूएसबीचा माउस, नेटवर्क कार्ड. शेवटची हाक कोणत्या इंटरप्टने, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला केलेल्या खुणेने, दिली याचीही नोंद राहते. रिग्रेशन कित्येकदा एवढेच असते की या यादीतले एक नाव नव्या आवृत्तीत परवानगी नसताना आत बसलेले असते.

झोपण्याची रीत मात्र फार शिस्तीची आहे. आधी डिस्कवर लिहायचे राहिलेले सगळे लिहून घेतले जाते. मग चालू प्रोग्राम गोठवले जातात आणि त्यासाठी २० सेकंदांची मुदत असते. एवढ्या वेळात एखादा प्रोग्राम गोठला नाही तर कर्नल सगळी झोपच रद्द करतो आणि नोंदीत लिहितो की अमुक इतक्या प्रोग्रामांनी गोठायला नकार दिला. 'जमले नाही' असे तो लिहीत नाही. 'नकार दिला' असे लिहितो. त्या एका शब्दात कर्नल लिहिणाऱ्यांच्या कित्येक रात्री आहेत. नकार देणारा बहुतेक वेळा नेटवर्कवरच्या एखाद्या फाइलची वाट पाहत बसलेला असतो, आणि नेटवर्क गेलेले असते.

प्रोग्राम निजले की उपकरणांचा नंबर. आधी लेकरे, मग आईबाप: यूएसबीचा कॅमेरा आधी, तो ज्या कंट्रोलरला जोडलेला आहे तो नंतर. तेही एका दमात होत नाही. तयारी, झोप, उशिराची झोप आणि इंटरप्ट बंद झाल्यानंतरची झोप अशा पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक ड्रायव्हरला प्रत्येक पायरीवर आपले काम नीट करण्याची किंवा घाण करून ठेवण्याची स्वतंत्र संधी मिळते. शेवटी पहिला सोडून बाकीचे प्रोसेसर बंद होतात, आणि उरलेला एकटा प्रोसेसर किल्ली बायॉसच्या हाती देतो. उठताना हाच क्रम उलटा: बायॉस, प्रोसेसर, आईबाप, लेकरे, प्रोग्राम.

हा क्रम कशासाठी, हे गोंदियाच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. शेतीपंपांना वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री बारा वाजता उन्हाळी धानाला पाणी सोडायला बांधावरून कोणी जावे, तिथे साप, त्यात नवेगाव-नागझिऱ्याच्या बाजूला वाघ-बिबट्याचीही शक्यता. म्हणून पंपाला ऑटोस्विच बसवतात. लाइन आली की मोटर आपोआप सुरू, शेतकरी घरी झोपलेला. अडचण अशी की फीडरवरच्या सगळ्यांनी ऑटोस्विच बसवलेला असतो. लाइन येते त्याच क्षणी सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, प्रत्येक मोटर सुरू होताना चालत्या मोटरीच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि डीपी जळते. महावितरण दर हंगामात विनवते की ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. लिनक्सलाही हा मोह झाला. उपकरणे एकामागून एक उठवण्यात वेळ जातो म्हणून २०१० च्या सुमारास कर्नल लिहिणाऱ्यांपैकी राफाएल विसॉकी यांच्या कामातून, ज्यांचा एकमेकांवर भार नाही अशी उपकरणे एकदम उठवायची सोय कर्नलमध्ये आली. मशीन लवकर उठू लागली. पण कोणाचा कोणावर भार आहे हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याने पूर्ण सांगितलेले नसले, तर दोघे एकदम उठतात आणि एकाच्या पायाखाली दुसरा अजून तयारच नसतो. असा बिघाड दहातल्या एखाद्याच वेळी दिसतो, बहुधा दुकानदारासमोर सोडून. संशय आला की ही सोय बंद करून पाहतात. बिघाड नाहीसा झाला तर क्रमाचा दोष. पण नक्की कोणाचा, ते अजून कळायचे असते.

उठायला किती वेळ लागावा याबद्दल लॅपटॉपकडून अपेक्षा जरा जास्तच आहेत, हेही नमूद करायला हवे. याच जिल्ह्यात तिरोड्याला ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत, एकूण ३,३०० मेगावॅट. पूर्ण थंड पडलेला संच पुन्हा सुरू करायला कित्येक तास लागतात आणि त्या वेळी हजर असलेल्या अभियंत्यांना कोणी "अजून कसं नाही उठलं" असे विचारत नाही. लॅपटॉपला दोन सेकंद मिळतात.

आता बायॉसविषयी. मशीनला झोपवण्याचा आणि उठवण्याचा बराचसा तपशील बायॉसने दिलेल्या एसीपीआयच्या तक्त्यांत लिहिलेला असतो, आणि हे तक्ते लिहिणारे ते मुख्यतः विंडोजवर तपासतात. तक्त्यांतले कलम कर्नलला विचारू शकते, तू अमुक विंडोज आहेस का? लिनक्स सरळ हो म्हणतो. विंडोजच्या एकापाठोपाठ एक आवृत्त्यांबद्दल विचारले तरी तो हो म्हणतो. आणि तू लिनक्स आहेस का, असे विचारले तर नाही म्हणतो. हे खोटे पूर्ण विचारान्ती ठरवलेले आहे. खरे सांगितले की बायॉस कधीच न तपासलेल्या वाटेने जातो आणि मशीन झोपेतच राहते, हा अनुभव आहे. क्वचित उलटेही घडते. २०१८ साली लेनोव्होच्या थिंकपॅड एक्स-वन कार्बनच्या सहाव्या पिढीतून एस-थ्री झोप गायब होती. ओरड झाल्यावर बायॉसच्या अपडेटमध्ये झोपेचे दोन पर्याय आले, एकाचे नाव 'विंडोज १०' आणि दुसऱ्याचे 'लिनक्स'. झोपेला पक्ष असतो, हे तेव्हा प्रथम छापील स्वरूपात मान्य झाले.

शोधाची खरी पंचाईत साक्षीदारांची आहे. कर्नल एरवी बोलका असतो, प्रत्येक बारीक गोष्ट नोंदवहीत लिहितो. पण नोंदवही डिस्कवर, आणि घटना घडते तेव्हा डिस्क झोपलेली. पडदा झोपलेला. नेटवर्क झोपलेले. झोपण्याआधी कर्नलची शेवटची ओळच अशी असते की आता मी पडद्यावर लिहिणे बंद करतो आहे, तपास करायचा असेल तर मला तसे न करण्याचा पर्याय देऊन सुरू करा. पर्याय दिला तरी पडद्याचाच ड्रायव्हर आरोपी असेल तर उपयोग नाही. जुन्या मशीनना सीरियल पोर्ट असायचा, त्यातून तार काढून दुसऱ्या संगणकावर जबाब घेता यायचा. आजच्या लॅपटॉपला तो नसतो. असलाच तर गोंदियात ती तार मिळत नाही.

म्हणून आधी रंगीत तालीम घेतात. कर्नलमध्ये पीएम-टेस्ट नावाची सोय आहे. तिला पाच टप्पे आहेत: फ्रीझर, डिव्हाइसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर. ठरवलेल्या टप्प्यापर्यंत जाऊन मशीन पाच सेकंद थांबते आणि मागे फिरते. प्रत्यक्ष झोप लागतच नाही. फक्त प्रोग्राम गोठवून परत आली, ठीक. उपकरणांपर्यंत जाऊन परत आली, ठीक. पुढच्या टप्प्यावर गेली आणि आलीच नाही, की दोष त्या दोन टप्प्यांच्या मधे. पाचही टप्प्यांतून सुखरूप परत येणारी आणि खऱ्या झोपेतूनच न उठणारी मशीनही असते. तिच्या बाबतीत संशय बायॉसकडे वळतो, आणि बायॉस जबाब देत नाही.

तालमीत न सापडणाऱ्या आरोपीसाठी पीएम-ट्रेस आहे. ही सोय खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००६ साली लिहिली आणि त्या फाइलमध्ये आपल्याच युक्तीचे वर्णन त्यांनी 'भयंकर' या अर्थाच्या शब्दाने लागोपाठ तीनदा केले आहे. युक्ती अशी. मशीन लटकली, बटण दाबून मारली आणि पुन्हा सुरू केली, तर या सगळ्यातून आतला मजकूर शाबूत राहतो अशी भरवशाची जागा एकच: बॅटरीवर चालणारे घड्याळ. घड्याळाच्या चिपमध्ये थोडी राखीव मेमरीही असते, पण सुरू होताना बायॉस ती पुसून टाकतो. उरते ती प्रत्यक्ष तारीख आणि वेळ. तेव्हा उठताना प्रत्येक पावलाला कर्नल 'मी आत्ता अमुक फाइलमध्ये, अमुक उपकरणापाशी आहे' ही खूण तारीख-वेळेच्या रूपात घड्याळात लिहीत जातो. वर्षे १००, महिने १२, दिवस फेब्रुवारीची भीती नको म्हणून २८, तास २४, आणि मिनिटे तीन-तीनच्या टप्प्याने २०. गुणाकार केला तर १ कोटी ६१ लाख २८ हजार वेगवेगळे निरोप. मिनिटे तीनच्या टप्प्याने घेण्याचे कारण हे की मरताना लिहिलेले घड्याळ पुढे चालतच राहते, म्हणून मालकाने तीन मिनिटांच्या आत मशीन पुन्हा सुरू करायची असते. त्यानंतर निरोपाचा अर्थ बदलतो आणि निर्दोष वायफाय कार्ड फासावर जाते.

ही पद्धत वापरताना कर्नल उपकरणे एकदम उठवण्याची सोयही बंद ठेवतो, नाहीतर दोन साक्षीदार एकाच घड्याळावर लिहू लागतील. मशीन सुरू झाल्यावर नोंदीत एक जादूचा आकडा दिसतो, आणि त्याखाली तो कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीशी आणि कोणत्या उपकरणाशी जुळतो ते. तपास करणाऱ्याला याहून मोठा आनंद नाही. मात्र मशीनची तारीख एव्हाना कुठल्या कुठे गेलेली असते. ती मागे गेली असेल तर ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला खोटे ठरवतो, कारण त्यांची प्रमाणपत्रे त्याच्या मते अजून निघालेलीच नाहीत. आणि त्या तारखेवर विसंबून वयाचा हिशेब करणाऱ्या प्रोग्रामला समोर बसलेला अर्जदार जन्मायचा असतो.

आरोपी उपकरण कळले तरी रिग्रेशनमध्ये खरा प्रश्न कोणता बदल नडला हा. लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात. ते एकेक तपासायला माणूस ठेवला तर तो निवृत्त होईल. त्याऐवजी गिट बायसेक्ट: चांगल्या आणि वाईट आवृत्तीच्या बरोबर मधला कर्नल बांधायचा, मशीन झोपवून उठवून पाहायची, उठली तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या. १६ हजार बदलांतून एक शोधायला १४ फेऱ्या पुरतात. गणित निर्दोष आहे. प्रत्यक्षात प्रत्येक फेरीला कर्नल नव्याने बांधावा लागतो आणि ज्या मशीनवर बांधायचा ती विंडोज ११ ने नाकारलेली आहे. दोन कोअरचा प्रोसेसर, तीन-चार तास, मे महिना, आणि मधेच लाइन गेली तर इन्व्हर्टरवर घरच्यांनी पंख्याचा हक्क सांगितलेला. पूर्ण कर्नल बांधण्याऐवजी या मशीनला लागणारेच भाग बांधण्याची सोय आहे. तिने तास कमी होतात. भाच्याला ती फोनवर विचारावी लागते.

त्याहून वाईट म्हणजे कधीमधीच दिसणारा बिघाड. मशीन पाच वेळा नीट उठली म्हणून तो कर्नल चांगला ठरवला, आणि सहाव्या वेळी ती उठणार नव्हती, तर पुढच्या सगळ्या फेऱ्या चुकीच्या अर्ध्यात जातात. बायसेक्ट मग पूर्ण आत्मविश्वासाने एका निष्पाप बदलाकडे बोट दाखवते, उदाहरणार्थ एखाद्या टिपेतल्या शुद्धलेखनाच्या दुरुस्तीकडे. यावर उपाय म्हणजे आरटीसी-वेक या छोट्या प्रोग्रामने मशीन आपोआप झोपवायची आणि थोड्या सेकंदांनी उठवायची, अशी शंभर-दोनशे वेळा. रात्रभर टेबलावर लॅपटॉप झोपतो, उठतो, झोपतो, उठतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे दृश्य बरे वाटत नाही.

सापडलेला बदल बहुतेकदा दोन-चार ओळींचा असतो आणि त्याचा हेतू उत्तम असतो. कोणीतरी कुठेतरी आपल्या मशीनची वीज वाचावी म्हणून एक पाऊल आधी किंवा नंतर टाकलेले असते. त्याच्या मशीनवर ते बरोबरच असते. कर्नलच्या जगात नियम कडक आहे: आधी चालत होते ते नव्या आवृत्तीत मोडले तर दोष नव्या बदलाचा, मग तो कितीही शहाणा असो. एक तर दुरुस्ती, नाहीतर बदल मागे.

झोपेचा हा खटाटोप वीज बेभरवशाची असलेल्या ठिकाणी सर्वात जास्त गरजेचा, आणि महाराष्ट्राने त्याचा एक प्रयोग पाहिलेला आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट या धनगरवाड्यावरच्या शाळेत 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या योजनेची हिरवी-पांढरी एक्सओ यंत्रे आली. ती लिनक्सवर चालत. त्यांच्या रचनेत झोप हा मुख्य गुण होता. पान वाचत बसलेल्या मुलाला कळूही न देता प्रोसेसर झोपावा, पडद्यावरचे चित्र वेगळ्या चिपने धरून ठेवावे, वायफायची चिप शेजारच्या यंत्रांचे निरोप पुढे पाठवत राहावी आणि बटण दाबताच प्रोसेसर उठावा, अशी योजना. म्हणजे दिवसातून एकदा-दोनदा जमायला कठीण जाणारी गोष्ट दर मिनिटाला करायची. ती बसवताना वायफायच्या चिपने अभियंत्यांना जेवढे जागवले तेवढे कोणी जागवले नसेल.

गोंदियातल्या मशीनवर इलाज शेवटी असा होतो. दोष सर्वसाधारण असेल तर बदल मागे घेतला जातो. दोष त्या एकाच मॉडेलच्या बायॉसचा असेल, तर कर्नलमध्ये अशा विक्षिप्त मॉडेलांची एक यादी आहे, तीत त्याचे नाव घातले जाते: ही मशीन असेल तर अमुक पाऊल टाकू नका. यादी वर्षानुवर्षे वाढतेच आहे. दुरुस्ती आधी मुख्य कर्नलमध्ये, तिथून स्थिर आवृत्तीत, तिथून लिनक्सच्या वितरणात आणि तिथून अपडेटमध्ये असा प्रवास करते; त्याला आठवडे लागतात, कधी महिने. ती आमगावात पोचते तेव्हा मालकाने अपडेट बंद करून ठेवलेले असते, कारण मागच्या अपडेटनेच मशीन बिघडली होती. भाच्याने सांगितल्यावर तो ते सुरू करतो, मशीन रात्री मिटतो, सकाळी उघडतो, कर्सर जागेवर असतो. मग दुकानदाराला फोन जातो की तुमचा फॉर्मेट उशिरा का होईना लागू पडला.